दहावीनंतर मुलीला इंग्लंडला न्यावं का?

ताई, यजमानांना मँचेस्टरला नोकरी लागतेय आणि मुलगी यंदा दहावीला. तिने कोथरूडला आजीकडे राहून अकरावी-बारावी सायन्स करावं, की तिकडे येऊन ए-लेव्हल (म्हणजे इंग्लंडची अकरावी-बारावी), हा तुमचा प्रश्न. व्हिसाचं सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते सोडते. मी मुलाला दहावीनंतरच सहकारनगरातून इकडे आणलं, म्हणून लिहायला बसले.

आधी जन्मतारीख बघा. ३१ ऑगस्टपर्यंत सोळा पूर्ण झाली असतील तर ती इयर ट्वेल्व्हला, म्हणजे ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षाला बसेल. सप्टेंबर-ऑक्टोबरचा जन्म असेल तर बहुधा एक वर्ष खाली, जीसीएसईच्या (इथल्या दहावीच्या) शेवटच्या वर्षात, आणि तिथे बाकीच्यांचा अर्धा अभ्यासक्रम उरकलेला असतो. तसं असेल तर अकरावी पुण्यात करू द्या आणि पुढच्या सप्टेंबरला आणा. वर्ष गेलं म्हणून नातेवाईक हळहळतील, हळहळू देत.

दुसरं, विषय. आपल्याकडे पीसीएमबी घेऊन दोन वर्षं ‘बघू’ म्हणता येतं. इथे विषय तीन, फार तर चार. सोळाव्या वर्षी केमिस्ट्री सोडली की मेडिकल जवळजवळ संपलं. फिजिक्स घ्यायचं तर मॅथ्स बरोबर असू दे, नाहीतर पोर रडकुंडीला येतं.

प्रॅक्टिकल मात्र मला मनापासून आवडलं. केमिस्ट्रीत दोन वर्षांत किमान बारा प्रयोग स्वतः करायचे, त्याचा शेरा पास किंवा नापास, ग्रेडमध्ये धरत नाहीत. पण लेखी पेपरात त्याच प्रयोगांवर खोदून विचारतात: रीडिंग चुकलं असेल तर का, अनिश्चितता किती. सीनिअरची जर्नल उतरवून सही घेण्याला वावच नाही.

अजून सलतं ते प्रेडिक्टेड ग्रेडचं. विद्यापीठांचे अर्ज अंतिम परीक्षेच्या कितीतरी आधी जातात, आणि मुलाला काय मिळेल याचा अंदाज शिक्षक देतात. आमच्या मुलाला शेवटच्या वर्षी नवीन सर आले. त्यांनी एका अंतर्गत चाचणीवरून केमिस्ट्रीत बी लिहिला. ऑगस्टमध्ये निकाल लागला तो ए, पण हव्या त्या विद्यापीठाचा नकार तोवर येऊन पडलेला. शाळेला ईमेल केले; उत्तरं अतिशय गोड यायची. आपल्या बोर्डाला मी जन्मभर नावं ठेवली, पण पेपर तपासणाऱ्याला मुलाचा चेहराही माहीत नसतो, यातला न्याय मला तेव्हा कळला.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. पुढे.

खरं सांगू का, मला जड गेलं ते वेगळंच. पुण्यात मी वर्षानुवर्षं बारावीच्या केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेतल्या. ‘शास्त्रीय कारणे द्या’ची उत्तरं माझ्याकडून घोटून घेतलेली मुलं आज डॉक्टर आहेत. इथे मुलाला मी सांगितलेलं उत्तर बरोबर असायचं, पण मार्क स्कीममधला, म्हणजे परीक्षकांच्या गुणदानाच्या यादीतला, नेमका शब्द नसला की गुण गेला. एकदा तो म्हणाला, “आई, राहू दे, मी बघतो.” उद्धट नव्हता. त्याने बघितलंही, आणि माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा त्याला विषय जास्त समजलाय. तरी सोसायटीच्या ग्रुपवर कुणाच्या मुलाला सीओईपी, ते पुण्याचं नावाजलेलं इंजिनिअरिंग कॉलेज, मिळाल्याचे पेढे दिसले की पोटात कालवतं. ते त्याच्यासाठी की माझ्यासाठी, ठाऊक नाही.

आणि फी. इथे राहतो म्हणजे इथल्या मुलांची फी लागेल, असं धरून चालू नका. इंग्लंडमध्ये त्यासाठी साधारणपणे तीन वर्षांचा रहिवास आणि वर कायम वास्तव्याचा हक्कही हातात लागतो. दोन वर्षांत ए-लेव्हल संपेल तेव्हा तुमच्याकडे यातलं काहीच नसेल. मग परदेशी विद्यार्थ्याची फी, दुप्पट-तिप्पट, सायन्सला कधी त्याहून जास्त. यजमानांनी ऑफरवर सही करायच्या आधी हा आकडा कंपनीपुढे ठेवावा. आम्हाला कंपनीने काही दिलं नाही, पण तुम्ही विचारा.