कोबोल मिळालं म्हणून राजीनामा?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. (कॉम्प्युटर सायन्स) होऊन पुण्यातल्या एका कंपनीत लागली. बरोबरच्यांना जावा, पायथन मिळालं आणि हिला मेनफ्रेम म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य कॉम्प्युटरवरचं कोबोल. ‘मेलेली भाषा माझ्या माथी मारली’ म्हणून राजीनामा द्यायला निघाली आहे. तिला काय सांगावं? – एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. राजीनामा तूर्त नको. आणि मेलेली म्हणाल, तर कोबोलच्या थडग्याचा दगड ती धड उभी राहायच्या आधीच घडवला गेला होता! ही भाषा ठरवणाऱ्या समितीतल्या वादांना वैतागून आरसीए कंपनीच्या हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी थडग्यावर लावतात तसा दगड विकत घेतला, त्यावर ‘कोबोल’ कोरून घेतलं आणि तो थेट पेंटागॉनमध्ये, संरक्षण खात्याच्या चार्ल्स फिलिप्स यांना पाठवून दिला.

या फिलिप्सांची अडचण खरी होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे तेव्हा सव्वादोनशेच्या आसपास कॉम्प्युटर होते, पण मशीन बदललं की सगळे प्रोग्राम नव्यानं लिहावे लागत. म्हणून सगळ्या मशीनवर चालेल अशी एकच भाषा ठरवायला मे १९५९ मध्ये कॉम्प्युटर बनवणारे आणि वापरणारे पेंटागॉनमध्ये एकत्र बसले. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेचा मोठा आधार घेऊन कोबोल तयार झाली. डिसेंबर १९६० मध्ये एकच प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवला गेला. पुढे ‘कोबोल चालत नसेल तर मशीन घेणार नाही’ अशी भूमिका संरक्षण खात्यानं घेतली आणि कंपन्यांना पर्यायच उरला नाही.

ती टिकली मात्र पैशाच्या हिशोबामुळे. बऱ्याच भाषांत साधा अपूर्णांक बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून ठेवला जातो, तिथे ०.१ सुद्धा तंतोतंत बसत नाही. कोबोलमध्ये ‘पिक्चर’ लिहून रुपयाचे अंक किती, पैशाचे किती हे आधीच ठरवता येतं, आणि हिशोब दशमान पद्धतीनंच होतो. बँका आणि विमा कंपन्यांना हेच हवं होतं. डायक्स्ट्रांसारख्या कॉम्प्युटर सायन्समधल्या दिग्गजानं १९७५ मध्ये ‘ही भाषा शिकवणं गुन्हा ठरवावा’ असं लिहिलं, तरी बँका ढिम्म. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला तेव्हा अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर साद घालावी लागली होती.

आता दुसरी बाजू. नव्या सिस्टिम सहसा कोबोलमध्ये लिहीत नाहीत. मुलीच्या वाट्याला येईल ते दुसऱ्या कुणी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लिहिलेलं वाचणं, दुरुस्त करणं, आणि रात्रीचा बॅच (एकगठ्ठा चालणारी कामं) अडला की फोन. हेच दहा वर्षं करत राहिली तर अडकेल. भाषा काही महिन्यांत येते. खरी किंमत आहे ती व्याज असंच का काढतात, हप्ता चुकला की काय होतं, ही माहिती असण्याला. ती तिनं प्रोजेक्टमधल्या जुन्या लोकांना विचारून घ्यावी. जेसीएल (मेनफ्रेमला कामं लावून देणारी भाषा) आणि डीबी-टू (त्यावरचा डेटाबेस) सोबत यायलाच हवं. घरी जावा चालू ठेवावी, कारण जुने प्रोग्राम जावात नेण्याच्या कामात दोन्ही वाचता येणारा माणूस लागतो. दीड-दोन वर्षांनी असं काम मॅनेजरकडे मागावं. नाही मिळालं, तर खुशाल बाहेर बघावं.

एवढं सांगूनही आत्ताच सोडायचं ठरलं, तर आधी ऑफर लेटरमधला बाँड आणि नोटीस पीरियड तुम्ही स्वतः वाचा.