वाचकांचे प्रश्न : दुप्पट का होत नाही?

प्रश्न : १० अंश सेल्सिअस म्हणजे ५० अंश फॅरनहाइट. त्या हिशेबाने २० अंश सेल्सिअसचे १०० अंश फॅरनहाइट व्हायला हवेत, पण होतात ६८. तरीही गणिताच्या पुस्तकात या संबंधाला रेषीय फल म्हटले आहे. एक राशी दुप्पट केल्यावर दुसरी दुप्पट होत नसेल, तर त्यात रेषीय ते काय?

उत्तर : आपण येथे त्रैराशिक मांडले आहे आणि ते फक्त समप्रमाणात चालते. रेषीय फलाची अट त्याहून सैल आहे. एक राशी ठरावीक अंतराने वाढवत नेली की दुसरीत होणारा बदल दर वेळी तेवढाच असावा, एवढेच त्यात अपेक्षित असते. सेल्सिअसचे ०, १०, २०, ३० हे आकडे एका ओळीत लिहून त्यांच्याखाली फॅरनहाइटचे ३२, ५०, ६८, ८६ मांडा. खालच्या आकड्याला वरच्याने भागत गेल्यास ५, ३.४ अशी उत्तरे येतात आणि त्यांतून काहीच हाती लागत नाही. खालच्या ओळीतल्या शेजारच्या आकड्यांची वजाबाकी केली, तर मात्र प्रत्येक वेळी १८ येतात. १० अंशांमागे १८, म्हणजे १ अंशामागे १.८, हा झाला बदलाचा दर. आलेखात यालाच रेषेचा चढ म्हणतात.

उरले ३२. पाण्याचा गोठणबिंदू एका मापनश्रेणीत ० वर आणि दुसरीत ३२ वर धरलेला असल्याने हा आकडा सूत्रात येतो : फॅ = १.८ × से + ३२. प्रत्येक फॅरनहाइट आकड्यातून ३२ वजा केले की १८, ३६, ५४ उरतात, आणि आपले त्रैराशिक बिनचूक चालू लागते. म्हणजे आपला हिशेब बरोबरच होता. फक्त तो शून्यापासून नव्हे, ३२ पासून करायला हवा होता.

दर आणि आरंभीचे मूल्य यांची गल्लत बातम्यांमध्येही होऊ शकते. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ १.५ अंश सेल्सिअसपर्यंत रोखण्याचे प्रयत्न करण्याचे म्हटले आहे. ही वाढ फॅरनहाइटमध्ये २.७ अंश होते, ३४.७ नव्हे, कारण वाढ म्हणजे दोन तापमानांतला फरक, आणि वजाबाकी करताना ३२ आपोआप निघून जातात.

प्रश्न : टाकीच्या बुडाला छिद्र असेल, तर पाणी सतत गळत राहते. मग पातळीचा आलेखही सरळ रेषाच येईल ना?

उत्तर : नाही. पाणी सतत गळणे वेगळे आणि एकाच दराने गळणे वेगळे. सरळ भिंतींची टाकी एकसारख्या धारेच्या नळाने भरत असेल, तर पातळी रेषीय रीतीने वाढते. रिकामी होताना मात्र वरच्या पाण्याचा दाब कमी होत जातो आणि धार मंदावते. धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हे टोरिसेली या इटालियन शास्त्रज्ञाने १७ व्या शतकात मांडले.

या नियमाने १०० सेंटिमीटर भरलेली टाकी ६० मिनिटांत रिकामी होत असेल, तर १५ मिनिटांनी पातळी ५६.२५, ३० मिनिटांनी २५ आणि ४५ मिनिटांनी जेमतेम ६.२५ सेंटिमीटर असेल. पहिल्या १५ मिनिटांवरून त्रैराशिक मांडणाऱ्याला टाकी सुमारे ३४ मिनिटांतच रिकामी होईल असे वाटेल. आता दर १५ मिनिटांत झालेली घट पाहा : ४३.७५, ३१.२५, १८.७५, ६.२५. ती समान नाही, म्हणून पातळी हे वेळेचे रेषीय फल नाही. परंतु या घटींचीच पुन्हा वजाबाकी केली, तर प्रत्येक वेळी १२.५ येतात, म्हणजे पातळी रेषीय नसली, तरी ती ज्या वेगाने उतरते तो वेग मात्र रेषीय आहे.