मुलाखत घ्यायला माणूसच नाही!

प्रश्न : मुलगी बी.कॉम. झालीय, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात दोन वर्षं बिलिंग बघितलं. आता पुण्याला ढिगानं अर्ज टाकले, एकीकडूनच बोलावणं आलं आणि ती मुलाखत पण मोबाईलवर, स्क्रीनवर प्रश्न येणार, दोन मिनिटांत बोलायचं, समोर कोणीच नाही. आम्ही घरात तेलुगू बोलतो, तिच्या इंग्रजीला तो हेल आहे, त्यामुळं मशीन बाद करतं का? पुढं सगळी भरती अशीच होणार का?
– एक वडील, सोलापूर

उत्तर : दादा, पहिली चाळणी मशीनच लावणार हे धरूनच चला, एका जागेला शेकड्यानं अर्ज आले तर एचआरवाले तरी किती वाचणार. पण मशीन लई निःपक्षपाती असतं असं काही नाही हां. अमेझॉननं असं सॉफ्टवेअर करून बघितलेलं, त्याला दहा वर्षांचे जुने अर्ज शिकवले, त्यात पुरुषच जास्त, मग ते महिला चेस क्लब वगैरे लिहिलेल्या अर्जांचे मार्क कापायला लागलं, शेवटी गुंडाळलं, 2018 मध्ये बातमी फुटली. जुन्या साहेबांचीच आवडनिवड, दुसरं काय!

हेलाची शंका अगदीच खोटी नाही. बऱ्याच ठिकाणी बोललेलं आधी मजकुरात उतरवतात आणि मग तपासतात, तिथं शब्द चुकीचा उतरला की मार्क गेले. सावकाश, छोट्या वाक्यांत बोलायला सांगा, आणि माणसासोबत एक राउंड मिळेल का असा मेल बिनधास्त टाका, फार तर नाही म्हणतील.

बायोडाटा दोन रकान्यांचा, चौकटींचा, रंगीत असेल तर आधी बदला, सॉफ्टवेअर तिथं गडबडतं. नुसतं ‘अकाउंट्सचं काम’ नको, टॅलीतल्या नोंदी, ई-वे बिल (माल पाठवतानाचं), जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरण), टॉवेलचा एचएसएन म्हणजे जीएसटीतला मालाचा कोड 6302, जे खरंच केलंय ते नावानिशी लिहा.

माझ्या मते पुढं डिग्रीपेक्षा कामाची टेस्ट वाढणार, म्हणजे पंधरा-वीस बिलं समोर टाकायची आणि चुकलेली शोध म्हणायचं, तिथं तुमची पोरगी नुसतं पुस्तक वाचलेल्यांना भारी पडेल. आपल्याकडच्या छोट्या कारखान्यात मात्र ‘कुणाची पोरगी?’ हेच अजून बरीच वर्षं विचारणार, तेही काही फार न्यायाचं नाही म्हणा.

आणि हो, नोकरीच्या आधी कुणी ट्रेनिंग फी नाहीतर लॅपटॉपचं डिपॉझिट मागितलं तर सरळ फोन ठेवा.