ट्रायग्लिसराइड, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल: रचना इतक्या वेगळ्या, मग सगळी लिपिडंच कशी?

तुम्ही विचारलंय की या तिघांच्या आकृत्या शेजारीशेजारी ठेवल्या तर काहीच साम्य दिसत नाही, मग त्यांना एका गटात का घालतात? आणि ऊर्जा साठवण्यापलीकडे शरीरात त्यांचं काम काय?

शंका रास्त आहे. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात, कर्बोदकं शर्करांची. लिपिडांना असा सामाईक घटकच नाही. त्यांना एकत्र आणतं ते पाण्याशी असलेलं वाकडं. पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकात सहज विरघळतात, एवढ्यावर हा गट ठरला आहे. व्याख्या ढिली वाटेल, पण मला ती मनापासून पटते, कारण लिपिडांची बहुतेक कामं या एका गुणातूनच निघतात.

साठ्याचंच बघा. ट्रायग्लिसराइड म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. मेदाम्ल ही कार्बनची लांब साखळी, शरीरात बहुधा १६ किंवा १८ कार्बनची, आणि तिच्या टोकाला आम्लगट. तो आम्लगट ग्लिसरॉलशी बांधला गेला की पाण्याला जवळ करणारं रेणूत फारसं काही उरत नाही. म्हणून चरबीचा साठा जवळपास कोरडा असतो. ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला कर्बोदकांचा साठा, मात्र स्वतःच्या वजनाहून जास्त पाणी धरून बसतं. त्यात चरबीच्या ग्रॅममागे सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, कर्बोदकांच्या ४. दीर्घकाळचा साठा चरबीत का, ते इथेच कळतं.

आता ट्रायग्लिसराइडमधलं एक मेदाम्ल काढा आणि तिथे फॉस्फेट असलेला गट बसवा. झालं फॉस्फोलिपिड. बदल छोटा, पण आता रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि दोन्ही शेपट्या पाणी टाळतात. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले की ते आपोआप दुहेरी थर करतात: डोकी बाहेर दोन्हीकडच्या पाण्याला लागून, शेपट्या आत. पेशीपटलाचा पाया हाच.

हा थर दुहेरी आहे हे कसं ओळखलं, ते सांगायचा मोह आवरत नाही. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींमधली लिपिडं ॲसिटोनने काढली. याच पेशी का, तर सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, आत दुसरी पटलंही नसतात. निघेल ते सगळं बाहेरच्या पटलाचंच. ती लिपिडं त्यांनी पाण्यावर एका रेणूच्या जाडीत पसरली आणि क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरलं. पुढे लक्षात आलं की लिपिडं पूर्ण निघाली नव्हती आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन्ही चुका एकमेकींना छेदून गेल्या. निष्कर्ष बरोबरच राहिला.

शेपट्या कशा आहेत यालाही महत्त्व आहे. संपृक्त, म्हणजे कार्बनमध्ये दुहेरी बंध नसलेल्या, साखळ्या सरळ, त्यामुळे दाटीने बसतात. असंपृक्त साखळीत दुहेरी बंधापाशी बहुधा बाक येतो आणि पटल प्रवाही राहतं. आपलं शरीर आम्लगटाकडून मोजलं तर नवव्या कार्बनच्या पुढे दुहेरी बंध घालू शकत नाही, म्हणून लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मेदाम्लं आहारातूनच यावी लागतात.

दाटीने बसण्याचं मोल कळतं ते फुप्फुसात. वायुकोशांना आतून पाण्याचं पातळ अस्तर असतं आणि त्याच्या पृष्ठताणामुळे ते मिटू पाहतात. त्यावर पसरलेल्या सरफॅक्टंटमध्ये, म्हणजे पृष्ठताण उतरवणाऱ्या मिश्रणात, मुख्यतः फॉस्फोलिपिडं असतात. त्यातल्या प्रमुख रेणूच्या दोन्ही शेपट्या १६ कार्बनच्या, संपृक्त आणि सरळ. श्वास सोडताना ते रेणू एकमेकांना घट्ट भिडतात, पृष्ठताण खूप उतरतो आणि कोश उघडे राहतात. फार लवकर जन्मलेल्या बाळांमध्ये हे सरफॅक्टंट पुरेसं नसतं, म्हणून त्यांना प्रत्येक श्वासाला झगडावं लागतं. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या संशोधकांनी १९५९ मध्ये हा संबंध दाखवला. आज अशा बाळांना श्वासनलिकेतून सरफॅक्टंट देता येतं. ऊर्जेशी काडीचा संबंध नसलेलं लिपिडाचं काम विचारलंत, तर मी आधी हेच सांगेन.

कोलेस्टेरॉलचा साचाच निराळा: एकमेकांना जोडलेली चार कडी, एक शेपटी आणि पाण्याला मानवणारा एकच छोटा हायड्रॉक्सिल गट. पेशीपटलात ते फॉस्फोलिपिडांच्या मधे बसून प्रवाहीपणा आटोक्यात ठेवतं. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन आणि पित्ताम्लं त्याच्यापासूनच बनतात, तर ड जीवनसत्त्व त्वचेत त्याच्याच पूर्वरूपापासून तयार होतं. शरीर ते स्वतः बनवतं, यावरूनच त्याची गरज ओळखा.

रक्ताचा मोठा भाग पाणी, त्यामुळे या मंडळींना तिथून सुटं फिरता येत नाही. ती लायपोप्रोटीनच्या कणांमधून जातात: आत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलचे एस्टर (मेदाम्लाशी जोडलेलं कोलेस्टेरॉल), बाहेर फॉस्फोलिपिडांचा एकेरी थर आणि प्रथिनं. एलडीएल आणि एचडीएल हे असे कण आहेत, कोलेस्टेरॉलचे दोन प्रकार नव्हेत. रिपोर्टमधला ‘एलडीएल कोलेस्टेरॉल’चा आकडा म्हणजे एलडीएल कणांमध्ये असलेलं कोलेस्टेरॉल. हे कण रक्तात दीर्घकाळ जास्त राहिले की धमनीच्या भिंतीत शिरून साचतात, म्हणून डॉक्टर त्या आकड्याकडे लक्ष देतात. रेणू मात्र दोन्हीकडे तोच असतो.