एवढं चांगलं घर मिळालं, तरी आईंना करमत का नाही?

"एवढं मोठं घर मिळालं, तरी आई दिवसभर गप्प बसून असतात. काही मानसिक आजार तर नसेल ना?" सूनबाईंनी सासूबाईंच्या देखतच विचारलं. समुपदेशक म्हणून माझ्याकडे पुनर्विकासात घर बदललेल्या कुटुंबांकडून हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

काकू लग्न होऊन आल्या त्या वरळीच्या बीडीडी चाळीत. १६० चौरस फुटांच्या खोलीत ४६ वर्षं संसार केला. एका मजल्यावर २० खोल्या, संडास सगळ्यांचे मिळून. २०२५च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांची घरं मिळाली, त्यांत यांचंही होतं.

"चाळीची आठवण येते का?" असं मी विचारत नाही. "छे हो, इथं सगळं छान आहे," म्हणून माणसं मोकळी होतात. मी म्हटलं, "काकू, चाळीतला एक दिवस सांगा. उठल्यापासून."

पहाटे पाणी यायचं. शेजारच्या आजींना ऐकू कमी यायचं, म्हणून काकू त्यांचं दार वाजवायच्या, त्यांचं पिंप भरायच्या आणि मग आपलं. सांगता सांगता त्या थांबल्या. "आता कधीही नळ सोडा, पाणी आहेच. कुणाला उठवायचं?"

नव्या घरात सगळं होतं, फक्त काकूंवाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

"आजी कुठे असतात आता?"

"तेविसाव्या मजल्यावर. आम्ही अकराव्या."

"मग जात नाही?"

बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "लिफ्टची भीती वाटते. मध्येच अडकले तर?" हसतील म्हणून घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. सूनबाईंचे डोळे भरून आले.

झोप आणि जेवण ठीक होतं, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. जेवण तुटलं, झोप उडाली, कशातच रस नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. बोलण्यात मरणाची भाषा आली तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

काकूंना लिफ्टची सवय करायची होती. ते काम नातवाने अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी एकच मजला, मग पाच. अलार्मचं बटण कुठलं, ते त्याने आजीचं बोट धरून दाखवलं. शिवाय संध्याकाळी तासभर घराचं दार उघडं ठेवायचं ठरलं. वाऱ्याने ते आपटायचं, म्हणून चाळीतून आणलेला आणि इथं जागा नाही म्हणून बाल्कनीत पडून असलेला वरवंटा काकूंनी दाराला लावला.

तिसऱ्या भेटीआधी काकूंचा स्वतःचा फोन आला. "ताई, अकराऐवजी बाराला आले तर चालेल का? अकराला वर आजींच्या डोळ्यांत थेंब घालायचे असतात."