मुलीला सोबत आणू का? क्वालालंपूरहून एक उत्तर

तुझा प्रश्न वाचून चार दिवस झाले. इस्लामी राजकीय विचार आणि मुत्सद्देगिरी या विषयात मलेशियात पीएच.डी.ला प्रवेश मिळालाय, नवरा यायला तयार आहे, पण सहा वर्षांच्या मुलीला बरोबर न्यावं की आईकडे ठेवावं, आणि ‘तिथं मुसलमान म्हणून सोपं जात असेल ना?’ असं तू विचारलंस. रोज उत्तर लिहायला घेते आणि माझ्या मुलाच्या शाळेपाशी येऊन थांबते. तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील, म्हणून ‘तू’च म्हणते.

व्हिसाची यादी, फी, वैद्यकीय तपासणी हे सगळं तुला सरकारी ठिकाणी मिळेल. ते मी लिहीत नाही.

आधी सोपं काय ते सांगते. तू कोकणातली, म्हणजे बहुधा आपल्यासारखी शाफई, सुन्नींच्या चार मतपरंपरांपैकी एक. इथले मलयही शाफईच. उत्तर हिंदुस्थानातले मुसलमान बहुतेक हनफी परंपरेचे, त्यांना इथं चार गोष्टी नव्यानं शिकाव्या लागतात. आपल्याला नाही. पहिल्या फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजात, इमामानं कुनूतची दुआ सुरू केली तेव्हा मला खेडच्या आमच्या मोहल्ल्यातली मशीद आठवली आणि डोळे भरून आले. भाषेतही ओळखीचं बरंच आहे. मलय लोक रोज्याला ‘पुआसा’ म्हणतात, तो आपला उपवास. जन्नत म्हणजे ‘शुर्गा’, शिक्षक म्हणजे ‘गुरू’. फॉर्मवर धर्माचा रकाना ‘अगामा’ आणि जातजमातीचा ‘बांग्सा’, म्हणजे आगम आणि वंश. आम्ही २०१४ मध्ये आलो तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. मराठी येणाऱ्या पोराला ही भाषा दोन महिन्यांत येईल असं मी नवऱ्याला ठासून सांगितलं होतं. भाषा खरंच आली. घोटाळा त्या दोन रकान्यांनी केला.

त्याआधी कागदांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं. माझा निकाहनामा उर्दूत, मुलाचा जन्मदाखला ग्रामपंचायतीचा, मराठीत. भाषांतर करणाऱ्यानं आडनाव एका कागदावर ‘चौगुले’ आणि दुसऱ्यावर ‘चौघुले’ केलं. इथल्या मलय लोकांत आडनाव नसतंच, अमुक बिन तमुक असं नाव असतं, त्यामुळे मुलाच्या नावाचे तिसरेच तुकडे पडले. एका ह-काराच्या फरकासाठी एका कचेरीत मी अकरा फेऱ्या मारल्या. प्रत्येक खिडकीवरची बाई हसून बोलायची आणि प्रत्येक खिडकी पुढच्या खिडकीकडे पाठवायची. मुलाचा पास, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, साडेपाच महिने लटकला. तेव्हापासून मला खिडकीची भीती बसली, ती आजही गेलेली नाही. आता तो शाळेचा प्रसंग.

२०१६ च्या जानेवारीत त्याला सरकारी शाळेत पहिलीत घातलं. इथं मुसलमान मुलांना ‘पेंदिदिकान इस्लाम’ हा विषय सक्तीचा, बाकीच्यांना त्या तासाला ‘पेंदिदिकान मोराल’, म्हणजे नीतिशिक्षण. शाळेतल्या कारकुनानं ‘बांग्सा’मध्ये ‘इंडिया’ लिहिलं आणि ‘अगामा’मध्ये मला न विचारता ‘हिंदू’. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. या देशाच्या राज्यघटनेतच कलम १६० मध्ये मलय माणसाची व्याख्या आहे: इस्लाम मानणारा, मलय बोलणारा, मलय चालीरीती पाळणारा. जमात आणि धर्म असे एकात एक विणलेले, म्हणून ‘इंडियन’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे तमिळ हिंदू उभा राहतो. मराठी मुसलमान या प्राण्यासाठी त्या कागदावर जागाच नव्हती.

चूक मला पहिल्याच आठवड्यात कळली. आणि मी ती दुरुस्त केली नाही. हे मी आजवर माझ्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. फॉर्म बदलायचा तर नावाचे कागद पुन्हा बाहेर काढावे लागणार, पास नुकताच मिळालेला, पुन्हा ती खिडकी नको. शिवाय इस्लामच्या तासाला जावी येते, म्हणजे अरबी अक्षरांत लिहिलेली मलय. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, अरबी अक्षरं मला कुराण वाचण्यापुरती. मोरालचं पुस्तक रोमन लिपीत होतं. पोराला सोपं जाईल, गुण बरे पडतील, असा हिशेब मी केला. वर्षभर माझा मुलगा शाळेच्या दप्तरी हिंदू होता. त्याच्या आजीच्या शेजारी अर्धं गाव हिंदू, त्यात कमीपणा मला वाटला नाही, आजही वाटत नाही. पण ते खरं नव्हतं.

त्याच वर्षी मी प्रबंधाचं दुसरं प्रकरण लिहीत होते. १९७७ ची मक्केतली मुस्लिम शिक्षणावरची पहिली जागतिक परिषद हा त्याचा विषय. तुलाही तिथूनच सुरुवात करावी लागेल. मुसलमान समाजात मदरसा एकीकडे आणि आधुनिक शाळा दुसरीकडे अशी जी फाळणी झाली ती मोडायची, हा त्या परिषदेचा गाभा. मलेशियाचे विचारवंत सय्यद मुहम्मद नकीब अल-अत्तास यांनी तिथं मांडलं की शिक्षणाला खरा शब्द ‘तादीब’, म्हणजे अदब शिकवणं. आणि अदब म्हणजे प्रत्येक गोष्टीला तिची योग्य जागा देणं. यापुढे ‘ज्ञानाचं इस्लामीकरण’ हा शब्दप्रयोग येतो. आपल्याकडे तो ऐकला की लोक दचकतात, पण मूळ वाद ज्ञानाच्या पायाचा आहे. पॅलेस्टाईनमधल्या जाफात जन्मलेले आणि अमेरिकेत शिकवणारे इस्माईल अल-फारुकी यांनी १९८२ मध्ये त्याचा बारा पायऱ्यांचा आराखडा दिला. १९८३ मध्ये क्वालालंपूरजवळ आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठ निघालं ते याच विचारावर. उलट बाजूनं शिकागोत शिकवणारे फझलुर रहमान यांनी म्हटलं की असे नकाशे आखून ज्ञान तयार होत नाही, विचार करणारी माणसं घडवा. मी फझलुर रहमान यांच्या बाजूची. तुझे मार्गदर्शक नसतीलही, तरी दोन्ही बाजू मुळातून वाचून ये, कारण चर्चासत्रात हे सगळ्यांना ठाऊक आहे असं धरूनच बोलतात.

रात्री मी ‘योग्य जागा’ या दोन शब्दांवर पानं लिहायची आणि सकाळी मुलाला चुकीच्या वर्गात पाठवायची.

शुक्रवारी तो अब्बांबरोबर मशिदीत जायचा. तिथं वर्गातली पोरं त्याला बघायची. एकानं सोमवारी विचारलं, तू नमाज पढतोस मग मोरालला का बसतोस, तू नक्की कोण? माझा सात वर्षांचा मुलगा म्हणाला, ‘ते अम्मीला माहीत आहे.’ हे मला त्या पोराच्या आईनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी खिडकीवर गेले. बदल व्हायला डिसेंबर उजाडला. दुसरीत तो इस्लामच्या तासाला बसला तेव्हा बाकीची मुलं जावी वाचत होती आणि तो अलिफ, म्हणजे पहिलंच अक्षर, गिरवत होता. त्या तासाच्या बाई, उस्ताझा, चांगल्या होत्या, पण चाळीस मुलांत त्याच्याकडे किती बघणार? दोन वर्षं दुपारचे कुराण आणि फर्दू ऐनचे, म्हणजे प्रत्येकाच्या धर्मकर्तव्यांचे, वर्ग लावले तेव्हा कुठे तो बरोबरीला आला. २०१९ मध्ये चिनी आणि तमिळ शाळांत चौथीला जावी सुलेखनाची पानं घालायचं ठरलं, पालक खवळले आणि सहा पानांची तीन झाली. इथल्या मैत्रिणींना तो राजकारणाचा विषय होता. मला अलिफ गिरवणारा माझा मुलगा दिसत होता.

राजकारणाचं थोडक्यात. इथं विचार आणि सत्ता यांच्यात भिंत नाही. अन्वर इब्राहिम १९७१ मध्ये मुस्लिम युवकांची चळवळ उभी करणाऱ्यांतले, १९८२ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान महाथीर यांच्या पक्षात गेले, पुढं बडतर्फ झाले, तुरुंगात गेले आणि २०२२ मध्ये पंतप्रधान झाले. त्यांच्या सरकारच्या ‘मदानी’, म्हणजे सुसंस्कृत समाजाच्या, धोरणाचे शब्द त्याच चर्चांतून आलेले आहेत. ज्या माणसांचे लेख तू संदर्भयादीत घालशील, त्यांतली काही मंत्रालयात भेटतील. याचा फायदा मोठा, पण लिहिताना हात आखडता घ्यायची सवयही यातूनच लागते. शिया विचारावर काम करणार असशील तर आधीच मार्गदर्शकांशी बोल. १९९६ च्या फतव्यानंतर इथं अधिकृत मान्यता फक्त सुन्नी पंथाला आहे.

मुत्सद्देगिरीसाठी मात्र याहून चांगली जागा नाही. माझा विषय बांग्सामोरो, म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधल्या मोरो मुसलमानांचा प्रदेश. फिलिपिन्स सरकार आणि मोरो बंडखोर यांच्यात मलेशियानं २००१ पासून मध्यस्थी केली, २०१२ ला आराखडा झाला आणि २७ मार्च २०१४ ला मनिलात अंतिम करार. वाटाघाटींबद्दल इथल्या लोकांशी बोलताना मला कळलं की धर्मबंधुत्वानं दार उघडतं, टेबलावर मात्र हद्द, महसूल आणि शस्त्रं मोजली जातात. डिसेंबर २०१९ च्या मुस्लिम देशांच्या क्वालालंपूर परिषदेत तेच दिसलं: तुर्कस्तानचे एर्दोआन आले, इराणचे रुहानी आले, आणि यायचं ठरवलेले इम्रान खान सौदीच्या दबावामुळे आले नाहीत. त्याच सुमारास पुन्हा पंतप्रधान झालेले महाथीर काश्मीरवरून भारताविरुद्ध बोलले होते. जानेवारी २०२० मध्ये भारतानं शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले आणि आमच्या घराखालचा दुकानदार मला तेलाचा जाब विचारू लागला. भारतीय मुसलमानाला इथं अशा वेळी दोन्हीकडून उत्तर द्यावं लागतं. मी दिलं नाही, मुकाट्यानं तांदूळ घेऊन आले.

एकटेपणाचं विचारलंस. कामाला लागलीस की जातो. गणपतीत मराठी मंडळी बोलावतात, जात जा. ‘तुमचं मराठी किती छान’ असं कुणी म्हणालं तर पहिल्या वर्षी लागतं, नंतर नाही.

मुलीला आण. आईकडे ठेवू नकोस. तिचा फॉर्म स्वतःच्या हातानं भर, ‘अगामा’चा रकाना कारकुनासाठी मोकळा सोडू नकोस, आणि काही चुकलं तर त्याच दिवशी खिडकीवर जा, पास लटकला तरी चालेल. निकाहनाम्याचं भाषांतर आत्ताच करून घे आणि आडनावाचं अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून बघ. अरबी अक्षरं निघण्यापूर्वी गिरवून घे. आणि देवनागरीची उजळणीची पुस्तकं आण, इथं मिळत नाहीत. माझा मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. त्याची जावी इतकी सुंदर आहे की मशिदीच्या फलकासाठी त्याला बोलावतात. आजीचं पत्र आलं की ते मी वाचते आणि तो ऐकतो.

त्या वर्षाबद्दल तो कधी बोललेला नाही. मीही नाही.