वाचकांचे प्रश्न : आजारी मांजराची घरची शुश्रूषा

डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या, की पुढचे आठ-दहा दिवस मांजर घरच्यांच्या हाती असतं. या वेळी त्याच दिवसांबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. औषध कोणतं हे डॉक्टरच ठरवतील. ते पोटात कसं जावं, अन्न किती द्यावं आणि रात्री-अपरात्री दवाखाना कधी गाठावा, एवढं इथे सांगतो.

प्रश्न : आमच्या बोक्याचं वजन ४ किलो आहे. तापावर उपचार झाले, ताप उतरला, पण तीन दिवस त्याने अन्नाला तोंड लावलेलं नाही. घरचे म्हणतात, भूक लागली की खाईल. वाट पाहावी का? भरवायचं तर किती आणि कसं? (ठाणे)

उत्तर : वाट पाहू नका, आजच पुन्हा दाखवा. कुत्रा दोन-तीन दिवस उपाशी राहिला तरी बहुतेक वेळा निभावून जातं, मांजराचं तसं नसतं. खाणं बंद झालं की अंगातली चरबी सुटून यकृतात येते आणि मांजराच्या यकृताला ती तेवढ्या वेगाने वापरता येत नाही. यकृत चरबीने भरत जातं, मळमळ सुरू होते, मळमळीमुळे ते आणखीच खात नाही. मूळ आजार बरा झालेली मांजरंही या फेऱ्यात दगावतात. गुबगुबीत मांजराला धोका सर्वांत जास्त. कानाची आतली कातडी किंवा हिरड्या पिवळसर दिसल्या तर कावीळ झाली आहे, असं समजा. चोवीस तास काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टरांना फोन करायचा, हा नियम पाळा.

डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून विचारा : मळमळ आहे का? सारखे ओठ चाटणं, लाळ गळणं, वाटी पुढे करताच तोंड फिरवणं ही तिची लक्षणं. ती थांबवणारं औषध आधी मिळालं पाहिजे. मळमळत असताना जबरदस्ती केली तर ते अन्न मांजराला कायमचं नकोसं होतं.

औषध लागू पडल्यावर आधी स्वतःहून खातंय का पाहा. मांजर वासावर जेवतं आणि फ्रिजमधल्या थंड अन्नाला वास नसतो. वाटी गरम पाण्यात ठेवून अन्न अंगाइतकं कोमट करा. अळणी उकडलेला बांगडा काटे काढून, किंवा चिकनचं पाणी देऊन पाहा. कांदा, लसूण अजिबात नको. दोन्हींमुळे मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. वाटी उथळ हवी आणि लिटरच्या (शी-शूच्या) ट्रेपासून लांब. दहा मिनिटांत खाल्लं नाही तर उचलून ठेवा. तासन्‌तास समोर पडलेलं अन्न त्याची उरलीसुरली इच्छाही घालवतं.

तरीही नाहीच खाल्लं, तर सिरिंज. डॉक्टरांकडे आजारी मांजरांसाठीचे मऊ अन्नाचे डबे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर १०० ग्रॅम शिजवलेलं बिनहाडांचं चिकन, एका उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक आणि साधारण १०० मिली कोमट पाणी मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढा आणि गाळण्यातून गाळून घ्या. गाळायचा कंटाळा केला, की एखादा धागा सिरिंजच्या तोंडात अडकतो, दट्ट्या जोरात दाबला जातो आणि सगळं एकदम घशात जातं. या मिश्रणाच्या १ मिलीत जेमतेम १ कॅलरी असते. ते फ्रिजमध्ये २४ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. ही चार-सहा दिवसांची सोय आहे. यात कॅल्शियम फारच कमी असतं आणि इतरही गोष्टी कमी पडतात, म्हणून महिनोन्‌महिने चालवू नये.

किती द्यायचं? वजनाला ३० ने गुणून ७० मिळवा : ४ किलोच्या बोक्याला १९० कॅलरी, म्हणजे दिवसाला १९० ते २०० मिली. मात्र तीन दिवसांच्या उपासानंतर हे सगळं पहिल्याच दिवशी देऊ नका. रिकाम्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस झपाट्याने उतरतं. पहिल्या दिवशी एक तृतीयांश, म्हणजे ६०-६५ मिली, सहा वेळांत वाटून. दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण.

मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून, तोंड पुढे करून मांडीत बसवा. मान वर करू नका, हनुवटी जमिनीला समांतर राहू द्या. सुळ्याच्या मागे ओठाच्या कोपऱ्यातून सिरिंजचं टोक सरकवा आणि अर्धा ते एक मिली सोडा. गिळल्याचं दिसलं की पुढचा घोट. एका वेळचं भरवणं दहा-पंधरा मिनिटं चालेल, चालू द्या. खोकला आला की थांबा. भरवल्यानंतर काही तासांत श्वास जलद झाला, तर अन्न फुप्फुसात गेल्याची शंका घ्या आणि दवाखान्यात न्या. झोपलेल्या मांजराचे श्वास मिनिटाला २० ते ३० असतात. ४० च्या वर गेले किंवा तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, तर सकाळपर्यंत थांबू नका.

रोज एकाच वेळी वजन करा. बाथरूमच्या काट्यावर १०० ग्रॅमचा फरक नीट कळत नाही, लहान बाळांचा किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा. ४ किलोमागे ४०० ग्रॅम गेले की दहा टक्के वजन गेलं, आणि ते गंभीर आहे. दोन-तीन दिवस प्रयत्न करूनही ठरलेलं अन्न पोटात जात नसेल, तर मानेतून अन्ननलिकेत नळी बसवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. नळी म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, पण मांजर ती घेऊन आरामात फिरतं, झोपतं, स्वतः खाऊही शकतं, आणि दिवसातून सहा वेळा होणारी झटापट थांबते. हा निर्णय अगदी शेवटच्या दिवसावर ढकलू नये असं आम्हाला कळकळीने वाटतं.

प्रश्न : ताप असेल तर लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं सिरप थोडंसं चालेल का? (नाशिक)

उत्तर : थेंबभरही नाही. हे औषध शरीराबाहेर टाकण्याची यकृतातली यंत्रणा मांजरात फारच तोकडी असते. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिनही घरच्या डब्यातून देऊ नका. चुकून दिलं गेलं असेल, तर लक्षणांची वाट न पाहता लगेच निघा आणि गोळीचं पाकीट सोबत न्या. पॅरासिटामॉलवर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण जितका लवकर मिळेल तितका उपयोगी.

आणखी एक. मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. कान गरम लागले म्हणून ताप आहे असं नाही. उलट ९८.६ भरलं तर "नॉर्मल आहे" म्हणून निश्चिंत होऊ नका, मांजर गार पडत चाललं आहे. अशा वेळी कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : सर्दीने नाक चोंदलंय, डोळ्यांना चिपडं येतात. वाफेत निलगिरीचं तेल किंवा व्हिक्स घालावं का? (सातारा)

उत्तर : काहीही घालू नका. निलगिरी, कापूर, पुदिन्याचं सत्त्व यांचा मांजराला विषबाधेइतका त्रास होऊ शकतो, आणि केसांवर बसलेलं तेल ते चाटून पोटात घेतं. बाथरूमचं दार लावून गरम पाण्याचा नळ सोडा आणि मांजराला पिंजऱ्यात घालून त्या वाफेत १०-१५ मिनिटं ठेवा, दिवसातून दोनतीनदा. उकळत्या पाण्याचं पातेलं त्याच्या तोंडाखाली धरू नका, एक उडी आणि भाजलंच.

वाफेनंतर शेंबूड मऊ झालेला असतो, तेव्हाच केमिस्टकडच्या नॉर्मल सलाईनमध्ये कापूस भिजवून नाक पुसा. सुकलेली खपली ओढून काढू नका. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्या. घरात उरलेले माणसांचे डोळ्यांचे थेंब वापरू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि सर्दी हर्पीस विषाणूची असेल, तर बुबुळावरची जखम चिघळते, डोळाही जाऊ शकतो. खाणं बंद होण्याचं कारण बहुधा वास न येणं हेच असतं, पण तोंड उघडून जीभ पाहा : कॅलिसी विषाणूने जिभेवर फोड येतात, आणि मग वेदना कमी करणारं औषध मागून घ्यावं लागतं.

प्रश्न : गोळी दिली की तोंडाला फेस येतो. विषबाधा तर नाही ना? (कोल्हापूर)

उत्तर : नाही, बहुतेक वेळा ती नुसती कडू चव असते. मेट्रोनिडाझोल चुरून दिलं तर हमखास फेस येतो. कडू गोळी चुरू नका, अख्खीच द्या. डोकं वरून धरून नाक छताकडे करा, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालचे पुढचे दात दाबा, जबडा उघडताच गोळी जिभेच्या अगदी मागे, मधोमध टाका. कडेला पडली तर ती परत येणारच. तोंड मिटून धरा; नाक चाटलं की गिळली.

त्यानंतर सिरिंजने ५-६ मिली पाणी, थोडं थोडं करून, न विसरता द्या. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत बराच वेळ अडकून राहते. डॉक्सिसायक्लिन तशी अडकली तर आतून भाजतं, काही दिवसांनी तिथे व्रणाने नळी आकसते आणि मांजर गिळलेलं बाहेर टाकू लागतं.

प्रश्न : बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतो, काहीच होत नाही. एरंडेल द्यावं का? (पुणे)

उत्तर : हे वाचून संपायच्या आत डॉक्टरांना फोन करा. बोक्याचं असं कुंथणं बद्धकोष्ठ वाटतं, पण बहुधा लघवी अडकलेली असते. पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. पोट दाबून पाहू नका, एरंडेल नको.

प्रश्न : दवाखाना दूर आहे. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन घरी द्यायला शिकवलं, पण कधी वाहत नाही, कधी सगळं अंग ओलं होतं. (काणकोण, गोवा)

उत्तर : अंग ओलं होतं ते सुई कातडीची घडी आरपार भेदून दुसरीकडून बाहेर आल्यामुळे. खांद्यांच्या मध्ये कातडी तंबूसारखी उचला आणि सुई त्या तंबूच्या बुडाशी, पाठीला समांतर घाला, वरून खाली नव्हे. वाहत नसेल तर सुईचं तोंड कातडीला चिकटलेलं असतं : सुई जराशी फिरवा किंवा दोन मिलिमीटर मागे घ्या. आधी नळीतली हवा काढून टाका आणि बाटली मांजराच्या तीनेक फूट वर टांगा. १८ किंवा २० नंबरची सुई घ्या. बारीक सुईने टोचणं कमी दुखतं, पण मांजराला दुप्पट वेळ धरून ठेवावं लागतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून मनगटाला जेमतेम ऊब लागेल इतकीच गरम करा. गार सलाईनमुळेच मांजरं जास्त पळतात.

चार किलोच्या मांजराला एका वेळी सहसा १०० ते १५० मिली सांगतात, पण तुमच्या डॉक्टरांचा आकडा पाळा. रिंगर लॅक्टेट सांगितलं असताना घरात आहे म्हणून डेक्स्ट्रोजची बाटली लावू नका. कातडीखाली फुगवटा येतो, तो घसरून पायावर उतरतो आणि काही तासांत जिरतो. आदल्या वेळचा फुगवटा तसाच असेल तर पुढचं सलाईन थांबवा आणि फोन करा. श्वास वाढला तरीही तेच, विशेषतः हृदयाचा त्रास असलेल्या मांजरात. दर वेळी नवी सुई लावा, आणि द्रावण गढूळ दिसलं तर बाटली टाकून द्या.

प्रश्न : आमचं पिल्लू पॅनल्यूकोपेनियाने गेलं. घर फिनेलने पुसलं आहे. नवं पिल्लू कधी आणावं? (डोंबिवली)

उत्तर : पिल्लाच्या जाण्याचं वाईट वाटलं. हा आजार फार वेगाने नेतो. फिनेलने त्याचा विषाणू मरत नाही, वर फिनेल मांजरांना विषारी आहे. पंज्यांवरून चाटलं जातं. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी इतर जंतुनाशकंही मांजराच्या घरात नकोतच. स्पिरिटही या विषाणूवर चालत नाही.

आधी साबणाने सगळी घाण धुऊन काढा, कारण घाणीवर ब्लीच काम करत नाही. मग ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट (म्हणजेच ब्लीच) १ लिटर पाण्यात ३० मिली, त्याच दिवशी केलेलं, फरशीवर १० मिनिटं ओलं राहू द्या, नंतर साध्या पाण्याने पुसा. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. ट्रे, गादी, पुठ्ठ्याची खोकी, खरवडायची फळी टाकून द्या.

फटींत आणि गालिच्यात हा विषाणू वर्षभर तग धरू शकतो. म्हणून वर्षाच्या आत आणायचं असेल तर लसी पूर्ण झालेलं मोठं मांजर आणा. पिल्लाला पहिली लस ६ ते ८ आठवड्यांची असताना, मग दर ३-४ आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसांना निष्प्रभ करू शकते, त्यामुळे दोन डोस झाले म्हणून पिल्लू सुरक्षित धरू नका.